शब्दाचा पंचनामा

हा लेख वाचून झाला की एक गंमत करून पाहा. घरातली कात्री घ्या, कालचं वर्तमानपत्र घ्या, आणि त्यातले छापील शब्द कापून, कागदावर चिकटवून एखाद्या मित्राला चिठ्ठी तयार करा. फार मोठी नको. 'उद्या सकाळी नळगंगा धरणावर ये' एवढीच. 'उद्या' सापडेल, 'सकाळी' सापडेल, 'धरणावर'ही सापडेल. 'नळगंगा' मात्र पानं उलटून उलटून सापडायचा नाही. शेवटी कंटाळून तो एक शब्द तुम्ही पेन घेऊन हातानंच लिहाल.

अशीच एक चिठ्ठी १९०१ साली इंग्रजी वाचकांसमोर आली होती. लंडनच्या हॉटेलात उतरलेल्या सर हेन्री बास्करव्हिल या तरुणाला ती मिळाली. मूरपासून लांब राहा, अशी त्यात ताकीद होती. सगळे शब्द छापील, कापून चिकटवलेले. फक्त एक शब्द शाईनं लिहिलेला: 'मूर'. शेरलॉक होम्सनं चिठ्ठी पाहिली, टाइप ओळखला आणि सांगून टाकलं, की हे शब्द कालच्या 'टाइम्स'च्या अग्रलेखातले आहेत. कात्री नखं कापायची, छोटी होती हेही सांगितलं. मग 'मूर' तेवढा हातानं का? कारण व्यापार आणि जकातीवरच्या अग्रलेखात मूर कुठून येणार? तो शब्दच तिथला नाही.

कादंबरीचं नाव 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स', लेखक आर्थर कॉनन डॉयल. अग्रलेख कोणी वाचत नाही अशी तक्रार आम्ही अग्रलेखवाले नेहमी करतो. निदान कापायला तरी कोणी घेतला, याचं आम्हाला समाधान आहे.

पण आज हे पुस्तक काढायचं कारण वेगळं. मोताळ्यातल्या एका अभ्यासिकेत मध्यंतरी बसलो होतो. कोणी एमपीएससीची तयारी करतंय, कोणी बँकेची, कोणी स्टाफ सिलेक्शनची. जवळजवळ प्रत्येकाच्या टेबलावर इंग्रजी शब्दांची यादी असलेलं एक जाड पुस्तक. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ. एकाला विचारलं, किती झाले पाठ? तो हसला. म्हणाला, "सर, दर खेपेस 'अबँडन'पासून सुरू करतो, अन् 'बी' लागायच्या आत यादीच अबँडन होते!" शेजारचे सगळे हसले. हसले, कारण प्रत्येकाची तीच गत होती. सगळ्यांना 'ए'चे शब्द येत होते. 'एम'पर्यंत कोणीच पोचलं नव्हतं.

हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. दोन-तीन वर्षं रोज सकाळी यादी घेऊन बसणारं पोर शेवटी म्हणतं, 'माझं इंग्रजीच कच्चं आहे.' मग 'माझं डोकंच नाही.' मग जिथं इंग्रजी विचारतात त्या दारालाच जायचं नाही, असं मनातल्या मनात ठरून जातं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे आजच्या वाचकांपैकी बहुतेकांनी दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं आहे. दहा वर्षांनंतरही भीती जात नसेल, तर दोष डोक्यात नसून पद्धतीत असावा, असं मानायला जागा आहे.

यादीतला शब्द एकटा असतो. त्याला गाव नाही, शेजारी नाहीत, त्यानं काही केलेलं नाही. अशा माणसाला तुम्ही बाजारात ओळखाल का? आणि तोच माणूस काल रात्री तुमच्या शेजारच्या घरात हातात मेणबत्ती घेऊन, अनवाणी फिरताना दिसला असेल तर? जन्मभर विसरणार नाही. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे: अवघड इंग्रजी शब्द पाठ करायची वस्तू नाही, शोधून काढायची आहे. आणि शोधायची सवय लावायला जुन्या गुप्तहेर कादंबरीसारखी शाळा नाही.

सुरुवात याच धंद्यातल्या एका शब्दापासून करू. 'क्लू' म्हणजे पुरावा, सुगावा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हा शब्द मुळात होता सुताच्या गुंडीचा. ग्रीक पुराणकथेत थीसियस नावाचा वीर भुलभुलैयात शिरतो, तेव्हा वाट सापडावी म्हणून सुताची गुंडी उलगडत आत जातो आणि त्याच सुताच्या आधारानं बाहेर येतो. त्या गुंडीला इंग्रजीत 'क्लू' म्हणत. पुढे वाट दाखवणारी कुठलीही खूण 'क्लू' झाली. आता आपल्या पेपरातल्या बातम्या आठवा. 'चोरीच्या तपासात पोलिसांना महत्त्वाचे धागेदोरे हाती लागले.' तिकडे सूत, इकडे धागादोरा. आपण तर कपाशीच्या मुलखातली माणसं. हा शब्द आपल्याला पाठ करावा लागू नये!

आणि आपल्याच भाषेनं एक इशाराही देऊन ठेवलेला आहे: सुतावरून स्वर्ग गाठू नका. इंग्रजीत 'कन्जेक्चर' म्हणतात तो हाच प्रकार, पुरेशा पुराव्याशिवाय बांधलेला अंदाज. याच्या उलट 'डिड्यूस' करणं, म्हणजे समोरच्या गोष्टींतून पायरी पायरीनं निष्कर्ष ओढून काढणं. 'ड्यूस' या तुकड्यात लॅटिनमधलं 'नेणं, ओढणं' आहे. 'इन्ट्रोड्यूस', 'रिड्यूस', 'प्रोड्यूस' ही सगळी त्याच घरातली भावंडं. बघा, एका शब्दामागे गेलो आणि अख्खं घर सापडलं.

आता कादंबरीचं पहिलंच प्रकरण घ्या. एक अनोळखी माणूस होम्सच्या घरी येऊन गेला आणि काठी विसरून गेला. काठीवर नाव, १८८४ हे साल आणि तीन आद्याक्षरं कोरलेली. होम्स डॉक्टर वॉटसनला म्हणतो, यावरून माणूस ओळख. वॉटसन जोरात अंदाज बांधतो. आद्याक्षरांतल्या 'एच'वरून त्याला शिकाऱ्यांचा क्लब वाटतो. होम्स दाखवून देतो, की डॉक्टरला भेट दिलेली काठी आहे, तेव्हा 'एच' म्हणजे हॉस्पिटल असण्याचा संभव जास्त. वॉटसनचे बरेचसे अंदाज चुकतात. पण होम्स त्याला नापास करत नाही. तुझ्या चुकांमुळेच मला खऱ्या वाटेचा पत्ता लागला, असं तो त्याला सांगतो.

इंग्रजी शिकताना ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. आपल्याकडे चूक झाली की वर्ग हसतो, म्हणून आपण अंदाजच करत नाही. थेट डिक्शनरी उघडतो. हल्ली तर मोबाइलवर शब्दाला बोट लावलं की अर्थ हजर. सोय चांगली आहे, पण त्यात एक खोट आहे. फुकट मिळालेला अर्थ पान उलटेपर्यंत टिकत नाही. आधी डोकं चालवून चुकलेला अंदाज आणि मग कळलेला खरा अर्थ, ही जोडी मात्र टिकते. चूक झाली म्हणून शब्द लक्षात राहतो.

एक शब्द प्रत्यक्ष सोडवून पाहू. वॉटसन बास्करव्हिलांच्या जुन्या वाड्यात मुक्कामाला आहे. मध्यरात्री पावलांचा आवाज येतो. दार उघडून बघतो तर घरचा बटलर, बॅरीमोर, हातात मेणबत्ती घेऊन, अनवाणी, हळूहळू व्हरांड्यातून चाललेला. त्याच्या एकंदर अवताराचं वर्णन करताना लेखक 'फर्टिव्ह' हा शब्द वापरतो. शब्द तुम्हाला माहीत नाही असं समजा. साक्षीदार कोण? रात्रीची वेळ. अनवाणी पाय. आवाज न करता चालणं. शेजारीच आलेला 'गिल्टी' हा शब्द, म्हणजे अपराधी. एवढे चार साक्षीदार असताना डिक्शनरी कशाला? 'फर्टिव्ह' म्हणजे चोरटा. आता डिक्शनरी उघडून खात्री करा. आणि जमलं तर शब्दाचं मूळही बघा. लॅटिनमध्ये 'फुर' म्हणजे चोर. आपण म्हणतो ना, 'चोरपावलांनी आला'? नेमकं तेच. इंग्रजांच्या शब्दातही चोर दडलेला आहे. हा शब्द तुम्ही आता विसरून दाखवा.

चिठ्ठीतला 'मूर' घ्या. डिक्शनरी म्हणेल, माळरान. पण आपल्या डोळ्यासमोर माळ म्हटलं की कोरडं, खडकाळ, उन्हानं तापलेलं रान येतं. कादंबरीतला मूर आहे इंग्लंडच्या डेव्हन भागातला, डार्टमूर. उंचावरचा, ओसाड, धुक्यानं भरलेला आणि ठिकठिकाणी ओलाचिंब. राजूर घाटात पावसाळ्यात ढग उतरले की एसटीच्या खिडकीतून समोरचं काही दिसत नाही, ते चित्र आठवा आणि त्यातली झाडं काढून टाका. थोडाफार मूर दिसायला लागेल. या मूरवरच 'मायर' आहे, माणूस आणि जनावर गिळणारी दलदल. वॉटसनच्या डोळ्यांदेखत एक शिंगरू त्यात रुतून नाहीसं होतं. चिभडलेल्या काळ्या जमिनीत पाय घातलेल्या माणसाला 'मायर' समजावून सांगायला नको. जितका पाय उपसायला जावं तितका दुसरा आत जातो. आजच्या इंग्रजी पेपरात एखादा देश युद्धात अडकला किंवा एखादं प्रकरण कोर्टात रुतलं की 'क्वॅगमायर' हा शब्द येतो. तो याच चिखलातला.

ज्यांना आपण ओळखतो असं वाटतं, ते शब्द तर आणखी लबाड. चिठ्ठीत 'रीझन' हा शब्द आहे. आपल्याला 'रीझन' म्हणजे कारण एवढंच माहीत. तिथं त्याचा अर्थ आहे माणसाची शुद्ध, डोकं ठिकाणावर असणं. 'सिंग्युलर' म्हणजे एकवचन, हे पाचवीपासून पाठ. होम्स एखाद्या घटनेला 'सिंग्युलर' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असतो विलक्षण, जिच्यासारखी दुसरी नाही अशी. एकवचनाचाच अर्थ, पण जरा लांब चालत गेलेला. 'हाउंड' म्हणजे शिकारी कुत्रा. तोच शब्द क्रियापद झाला की हात धुऊन एखाद्याच्या मागे लागणं. 'वायर' म्हणजे तार, आणि 'वायर करणं' म्हणजे टेलिग्राम पाठवणं. आपल्याकडेही 'तार आली' म्हटलं की घरात रडारड व्हायची, आजोबांना विचारा. २०१३च्या जुलैत भारतातली तारसेवा बंद झाली आणि शब्दाचा तो अर्थ आपल्याकडे म्हातारा झाला. तिकडे तो त्याआधीच झाला होता.

शब्दांचं गणगोत जमवायलाही हे पुस्तक बरं. पोलिसातला 'इन्स्पेक्टर' आपण रोज ऐकतो. त्यातला 'स्पेक्ट' म्हणजे पाहणं. आत डोकावून पाहतो तो इन्स्पेक्टर. ज्याच्याकडे खालून, तिरप्या नजरेनं पाहिलं जातं तो 'सस्पेक्ट'. बघायला जमलेले ते 'स्पेक्टेटर'. आणि कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाच्या नावातला शब्द आहे 'रेट्रोस्पेक्शन', मागे वळून पाहणं. होम्स तिथं सगळं प्रकरण पुन्हा एकदा पहिल्यापासून उलगडून सांगतो. अभ्यासात ज्याला आपण उजळणी म्हणतो ती हीच.

आणि ही देवाणघेवाण एकतर्फी आहे असं समजू नका. डॉयलची १८९३ सालची होम्सची एक कथा आहे, 'द क्रूकेड मॅन'. बंद खोलीत एक कर्नल मरून पडलाय आणि पडद्यावर, गालिच्यावर एका अनोळखी जनावराच्या पायांचे ठसे. होम्सलाही पहिल्यांदा उमगत नाही. ते जनावर निघतं मुंगूस. इंग्रजीतला 'मॉन्गूस' हा शब्द मराठी-कोकणीतल्या आपल्या मुंगुसावरूनच, पोर्तुगीजांच्या मार्फत तिकडे गेला. म्हणजे होम्सला कोड्यात टाकणाऱ्या त्या जनावराचं नाव आपल्या शेताच्या बांधावरचं आहे. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणायची आपल्याकडे जुनी रीत. त्या दुधात आपल्याही गोठ्याचा थोडा वाटा आहे, हे कळलं की पेला हातात धरताना हात जरा कमी थरथरतो.

आता करायचं काय, ते सांगतो. एक वही करा आणि तिला केस डायरी म्हणा. पानावर चार रकाने आखा: शब्द, घटनास्थळ, माझा अंदाज, निकाल. कादंबरीत पंधरा प्रकरणं आहेत. एक प्रकरण दोनदा वाचायचं. पहिल्यांदा फक्त गोष्टीसाठी, डिक्शनरी दुसऱ्या खोलीत ठेवून. अडलं तरी थांबायचं नाही. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घ्यायची आणि फक्त पाच शब्दांना अटक करायची. पाचच. आजूबाजूच्या शब्दांची साक्ष काढायची, अंदाज वहीत लिहायचा आणि मगच डिक्शनरीच्या कोर्टात जायचं. निकाल विरुद्ध गेला तर अंदाज खोडू नका, तसाच राहू द्या. तिसऱ्या दिवशी त्या पाच शब्दांची पाच वाक्यं लिहा, पण इंग्लंडची नको, मोताळ्याची. बाजाराच्या दिवशी 'फर्टिव्ह' नजरेनं कोण बघत होतं? पाणंद रस्त्याच्या 'मायर'मध्ये कोणाचा ट्रॅक्टर रुतला? दोन दिवस वाचायचे, एक दिवस लिहायचा. दीड महिन्यात पुस्तक संपेल आणि पंचाहत्तर शब्द तुमचे होतील.

पंचाहत्तर म्हणजे फारच कमी, असं वाटेल. यादीत तर हजारो असतात. पण यादीतले किती शब्द तुमच्या वाक्यात आले, ते मोजा. आणि पंचाहत्तर हे फक्त अटक केलेले. साक्षीला आलेले, वाटेत चार-चारदा भेटलेले शब्द न मोजताच तुमच्या घरात येऊन बसतात. शिवाय हातात एक कसब येतं ते वेगळंच. बँकेच्या परीक्षेत उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरायचा प्रश्न असतो ना, तिथं आजूबाजूच्या शब्दांवरूनच शब्द ओळखावा लागतो. होम्सनं दुसरं काय केलं?

सगळेच शब्द पकडायला जाऊ नका. दुसऱ्याच वाक्याला तपास बंद पडेल. काठीचा मालक डॉक्टर मॉर्टिमर हा कवट्यांचा नादिष्ट आहे. होम्सची कवटी बघून तो 'डॉलिकोसेफॅलिक' असं काहीतरी म्हणतो. लांबट डोक्याचा, एवढाच अर्थ. हा शब्द सोडून द्या, खुशाल. जो शब्द दोनदा आला आणि ज्याच्यावाचून गोष्ट अडते, तोच आपला संशयित.

पुस्तकच फार जड गेलं तर? भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या अभ्यासानुसार, आधाराशिवाय वाचून नीट समजायचं असेल तर मजकुरातले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. मूळ कादंबरीचं पहिलं पान उघडा आणि अनोळखी शब्द मोजा. पानावर वीस-पंचवीस निघाले तर लाज वाटून घेऊ नका, आधी सोपी आवृत्ती घ्या. ऑक्सफर्ड बुकवर्म्स या मालिकेत हीच गोष्ट चौथ्या पायरीवर, साधारण १४०० शब्दांच्या आवाक्यात पुन्हा लिहिलेली आहे. किंवा आधी मराठीतून वाचा. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणलेला आहे. गोष्ट आधीच माहीत असेल तर रहस्याची मजा थोडी जाईल हे खरं, पण मग सगळं लक्ष शब्दांवर राहतं. मूळ इंग्रजी पुस्तक विकत घ्यायचीही गरज नाही. डॉयल १९३० साली वारले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे पुस्तक आता सगळ्यांचं आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते फुकट मिळतं आणि लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेलं ऐकताही येतं. मोताळ्याहून बुलढाण्याला किंवा मलकापूरला रोज एसटीनं जाणाऱ्यांनी एक प्रकरण कानात घालावं. उच्चारांची भीतीही तिथंच निम्मी होईल.

काही शंका आम्हाला इथूनच ऐकू येतात. 'परीक्षा पंधरा दिवसांवर आहे, आता कादंबरी वाचू?' नको. पंधरा दिवस असतील तर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. हे काम ज्याच्याकडे वर्ष आहे त्याचं. 'ही जुनी इंग्रजी आता कोण बोलतं?' बरोबर आहे. मुलाखतीत 'सिंग्युलर' किंवा 'हॅन्सम' नावाची घोडागाडी काढू नका. म्हणून तर निकालाच्या रकान्यात 'आजही चालतो की नाही' हेही लिहायचं, नव्या डिक्शनरीत ते दिलेलं असतं. 'यानं इंग्रजी बोलता येईल का?' नुसत्या वाचनानं नाही येणार. पोहण्याचं पुस्तक वाचून नळगंगेत उडी मारू नये. बोलण्यासाठी बोलावंच लागतं, चुकत चुकत. वाचन शब्द पुरवतं, धीर आपला आपण आणायचा. आणखी एक. कवटीच्या मापावरून माणसाची पारख करण्यासारख्या त्या काळच्या कित्येक समजुती या पुस्तकात आहेत, त्या पुढे खोट्या ठरल्या. गोऱ्या साहेबाचं जगाकडे बघणंही त्यात आहे. शब्द घ्या, समजुती घ्यायलाच हव्यात असं नाही. होम्सचा चेला आहे म्हणवणाऱ्यानं होम्सवरही संशय घ्यावा.

ही कादंबरीच का, असंही कोणी विचारेल. अगाथा ख्रिस्ती घ्या, हरकत नाही. तिची भाषा सोपी आहे. पण बास्करव्हिलमध्ये लिहिण्याचे नमुने भरपूर. दोन प्रकरणं म्हणजे वॉटसननं होम्सला पाठवलेले अहवाल, एक प्रकरण त्याच्या डायरीतला उतारा, सुरुवातीला एक जुनं हस्तलिखित आणि वर्तमानपत्रातली बातमी. परीक्षेत 'अहवाल लिहा' आलं की आपण साचा पाठ करून जातो. चांगला अहवाल कसा असतो ते इथं बघायला मिळतं: काय पाहिलं ते आधी, काय वाटलं ते नंतर, आणि दोन्हींची सरमिसळ नाही.

आपल्याला गुप्तहेर काही नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यासाठी आपल्या आधीच्या पिढ्यांनी झोप मोडली. नंतर सुहास शिरवळकर आले, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर शाळेतच भेटला. त्या पुस्तकांनी कित्येकांना मराठी वाचायची गोडी लावली. 'शब्दसंपत्ती वाढव' असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पुढं काय झालं हे कळल्याशिवाय राहवत नव्हतं, म्हणून ते वाचत गेले आणि भाषा आपोआप चालत आली. इंग्रजीच्या बाबतीत ही साधी गोष्ट आपण विसरलो. तिला फक्त परीक्षेच्या दिवशी भेटतो आणि मग ती परक्यासारखी वागते म्हणून रडतो.

ज्यांनी ही कादंबरी सगळ्यात आधी वाचली, त्यांना ती 'स्ट्रँड' मासिकातून ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ अशी तुकड्या-तुकड्यांनी मिळाली. नऊ महिने. तेव्हा तुम्हाला दीड महिन्याऐवजी चार महिने लागले तरी बिघडत नाही.

जाता जाता त्या चिठ्ठीकडे पुन्हा एकदा बघा. बाकीचे शब्द कोणीही, कुठूनही कापून आणू शकतं. यादीतून, गाइडमधून, मोबाइलमधून. पण ज्या शब्दासाठी चिठ्ठी लिहायची तो शब्द लंडनच्या अग्रलेखात नव्हता, तो हातानंच लिहावा लागला. उद्या मुलाखतीच्या टेबलापलीकडून तुम्हाला कोणी इंग्रजीत विचारेल, गावाबद्दल सांगा. तेव्हा नळगंगेचं उतरलेलं पाणी, कपाशीवर पडलेली बोंडअळी, राजूर घाटातलं धुकं हे सांगणारं वाक्य कुठल्याच यादीत तयार मिळणार नाही. ते तुम्हालाच लिहावं लागेल. त्यासाठी शब्द हवेत, आणि ते कापून आणलेले नकोत, आपण स्वतः शोधून काढलेले हवेत.

तर या रविवारी पहिलं प्रकरण. पाच शब्द, पाच अंदाज, पाच निकाल. चुकलेल्या अंदाजांसकट या पानाच्या पत्त्यावर पाठवा. चुकलेले आम्ही आधी छापू.